दुसऱ्या दिवशीची गाडी

पहिली आगगाडी धावली त्या १६ एप्रिल १८५३ या तारखेबद्दल मला आता आणखी एक ओळही वाचायची नाही. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटं, बोरीबंदर, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. २१ मैलांवर ठाणे आणि तिथे तंबूत फराळ. शाळकरी मुलांनाही हे पाठ असतं. जुन्या रेल्वेबद्दल काहीही शोधायला घ्या, पुस्तकं तुम्हाला हाताला धरून त्याच फलाटावर आणून उभं करतात.

मला हवी होती नंतरची गाडी, समारंभ उरकून हार-तुरे वाळल्यावरची. साल १८७३, दिवाळी नुकतीच आटोपलेली, पुण्याहून मुंबईला निघालेला तिसऱ्या वर्गाचा डबा. त्यात माझ्या कादंबरीतली यमुना बसलीय. वय चाळीसच्या आसपास, विधवा, आलवण नेसलेली, भाचीच्या बाळंतपणासाठी गिरगावात निघालेली; सोबतीला चौदा वर्षांचा पुतण्या, विनू. सगळा मिळून एका प्रकरणाचा प्रवास, पाच-सहा तासांचा. पण हे पाच-सहा तास भरून काढायला जेवढं वाचावं लागलं तेवढं उरलेल्या अख्ख्या कादंबरीला लागलेलं नाही.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे. तिथले रेल्वेचे कागद हातात घेतले की आधी वास येतो, मग भुगा. शाईत लोखंड असायचं, त्यामुळे जिथे कारकुनाने टाक जास्त दाबला तिथे कागद जळल्यासारखा आरपार गेलेला असतो. टाचणी गंजून तिचा तांबूस ठसा चार पानं खोल उतरलेला. आणि अक्षर? एकेक वळण बघत बसावं असं. त्या देखण्या अक्षरात जमिनीचे मोबदले, स्लीपरचं लाकूड, पुलांचे अंदाजपत्रक, कंत्राटदारांची कुरकुर. उतारू कुठेच नाही. असला तर कोष्टकात: इतके पहिल्या वर्गाचे, इतके दुसऱ्या, बाकी सगळे तिसऱ्या. त्या ‘बाकी सगळे’मध्ये माझी यमुना.

गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचं आणि पुणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर १८८५ चं. दोन्ही सतत उशाशी होती. माडगावकर तर इतकं रसाळ लिहितात की काम सोडून वाचत बसावं. पण दोन्ही पुस्तकं गाडीकडे उभं राहून बघतात. मला गाडीत बसलेलं माणूस हवं होतं, पाय अवघडलेलं.

इथेच माझं आणि बऱ्याच ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वाजतं. गाडी आली की पात्रं तोंडात बोट घालणार, कुणी इंजिनाला नारळ फोडणार, कुणी ‘दैत्य आला’ म्हणून पळणार, हे ठरलेलं. असं झालंही असेल, पहिल्या महिन्यात. यमुनेचं काय? खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची गाडी १४ जून १८५८ ला सुरू झाली, तेव्हा ती पंचविशीत होती. मुंबईच्या बाजूने रूळ खोपोलीपर्यंत १८५६ लाच आले होते. मधल्या घाटात उतारूंनी खोपोलीला उतरायचं, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून खंडाळ्याला चढायचं आणि वर दुसरी गाडी पकडायची. १८६३ मध्ये बोरघाटातले रूळ खुले झाले आणि ही उठबस संपली. म्हणजे १८७३ पर्यंत यमुनेने ती शिट्टी पंधरा वर्षं ऐकलेली होती. आपण तरी मोबाइलकडे किती दिवस आ वासून बघितलं? वर्षभरात ‘रेंज नाही’ म्हणून करवादायला लागलो. तशीच यमुना गाडीला करवादते. गर्दी आहे, बाकावर कुणी तरी पसरलंय, गाडी आधीच भरून आलीय. १८७१ मध्ये रूळ रायचूरला मद्रासच्या रुळांना जाऊन मिळाले होते, त्यामुळे पुण्याला गाडी येईपर्यंत तिच्यात सोलापुराकडची आणि त्याही पलीकडची माणसं पाय पसरून झालेली असणार, असं मी धरलंय.

हा कंटाळा एकदा मान्य केल्यावर कामं भराभर सुचायला लागली. कंटाळलेल्या माणसाला पैसे, वेळ, भूक आणि लघवी या चार गोष्टी सुचतात. चारींचा शोध घ्यावा लागतो.

पैसे आधी. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे तिसऱ्या वर्गाचं भाडं होतं ५ आणे ३ पै आणि पहिल्या वर्गाचं २ रुपये १० आणे. आकडे विचित्र वाटतात, पण आण्याच्या १२ पै धरून मांडून बघा. ५ आणे ३ पै म्हणजे ६३ पै, २१ मैलांना. मैलाला बरोबर ३ पै. पहिल्या वर्गाचे ५०४ पै, म्हणजे मैलाला २ आणे. आठपट! पुणे ते मुंबई ११९ मैल धरले तर मूळ दराने तिसऱ्या वर्गाचे १ रुपया १३ आणे ९ पै होतात. दर पुढे बदलत गेले म्हणून कादंबरीत मी ‘पावणेदोन रुपयांच्या आसपास’ इतकंच ठेवलंय. पण हा हिशेब केल्यावर यमुना कनवटीचे पैसे कसे मोजते ते मला दिसलं. ती रुपया मोडत नाही, घरून चिल्लर जमवून आणते. तिकीटबाबू सुट्ट्याच्या नावाखाली दोन-चार पैसे दाबतो, ही त्या काळातल्या उतारूंची कायमची तक्रार होती आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तिकिटावरचा आकडा काय कळणार. इथे विनूचा उपयोग होतो. तो तिकीट वाचून दाखवतो, बाबूला ऐकू जाईल अशा आवाजात.

ते तिकीट मात्र आपल्या ओळखीचं. सव्वादोन इंच लांब, पुठ्ठ्याचं, तारखेचा ठसा कोरडाच दाबलेला. एडमन्सन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरने काढलेली ही पद्धत आपल्याकडे या शतकापर्यंत टिकली. लहानपणी आम्ही ती तिकिटं गोळा करायचो आणि चिमट्याने पाडलेल्या भोकातून एक डोळा मिटून बघायचो. कादंबरीत विनू तेच करतो. यासाठी मला कुठल्याही दफ्तराची परवानगी लागली नाही.

वेळेचं प्रकरण मला सगळ्यात जास्त आवडलं. तेव्हा प्रत्येक गावाला आपापली वेळ होती, डोक्यावर सूर्य आला की बारा. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रूळ जोडले गेल्यावर गाड्यांना एक सामाईक वेळ हवी झाली आणि रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासचं घड्याळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. पुण्याच्या सूर्यापेक्षा सुमारे २६ मिनिटं पुढे. आता आपली घटका किती मिनिटांची? २४. म्हणजे शनिवार पेठेतून स्टेशनवर पोचताना पुणेकराची जवळजवळ एक घटका वाटेत हरवत होती! वाड्यात दहा, स्टेशनात दहा वाजून सव्वीस. यमुनेला यातलं काही माहीत असायची गरज नाही. तिला एवढंच माहीत आहे की स्टेशनचं घड्याळ उतावळं असतं, म्हणून ती पहाटेच निघते आणि मुसाफिरखान्यात ताटकळते. तिसऱ्या वर्गाच्या लोकांना गाडी लागेपर्यंत फलाटावर सोडायची पद्धत नव्हती. कोंडवाड्यात जनावरं असावीत तशी, असं विनू पुटपुटतो. मी ते वाक्य दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं. (पुढे १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहरावरही मद्रासची वेळ लादून पाहिली. लोकांनी इतका कल्ला केला की १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. पुण्यातल्या कॉलेजला नाव मिळालं ते याच गव्हर्नरांचं.)

भूक सोपी. दशम्या. दुधात भिजवलेलं पीठ पाण्यात भिजवलेल्यासारखं विटाळत नाही, असा सोवळ्यातला सोयीस्कर नियम असल्यामुळे प्रवासाला दशम्याच निघायच्या. सोबत गुळाचा खडा. विनूला धपाटे आणि लिंबाचं लोणचं. पाणी घरचं, फिरकीच्या तांब्यात, स्टेशनवरचं नाही. तांब्या भरलेला आहे आणि यमुना पाणी पीत नाही. कारण चौथी गोष्ट. पहिल्या वर्गाच्या डब्यांना शौचकूप मिळाले ते १८९१ मध्ये, आणि तिसऱ्या वर्गाला त्यानंतर कित्येक वर्षांनी. पुरुष स्टेशनावर उतरून रुळांपलीकडे जात. बाईने काय करायचं? लोणावळ्याला इंजिन बदलतात, पाणी भरतात, तेवढा अवकाश. बायका घोळक्याने उतरणार, एकीने आडोसा धरायचा, गार्डच्या शिट्टीकडे कान. हे कुठल्या अहवालात असणार? पण आईच्या आणि तिच्या आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा, एसटीच्या प्रवासातलं हेच वर्णन ती जसंच्या तसं करेल. मी विचारलं. आधी हसल्या, मग बराच वेळ कुणीच हसलं नाही.

लोणावळा आलं आणि घाट आला. इथे मी रेंगाळले आणि संपादकांनी कितीही लाल पेन चालवलं तरी रेंगाळणार आहे.

बोरघाटाचा रेल्वेमार्ग पावणेसोळा मैलांचा. त्यात चढ १,८३१ फूट, २५ बोगदे, ८ मोठे पूल, सर्वांत कठीण जागी ३७ फुटांना एक फूट चढ. पुण्याहून निघालेली गाडी हे सगळं उतरते, हे लिहिणाऱ्याने विसरता कामा नये. उतारावर इंजिन धापा टाकत नाही. तिथे ब्रेक बोलतात. सगळ्या गाडीला एकत्र लागणारे ब्रेक तेव्हा नव्हते. ठिकठिकाणी ब्रेकवाले बसलेले, शिट्टीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक आवळणारे. लोखंड लाकडावर घासल्याचा करपट वास, कण्हल्यासारखा लांबलचक आवाज, आणि बाकावरची सगळी माणसं हळूहळू पुढे घसरत आलेली. बोगदा आला की डब्यात ठार अंधार. आजही खंडाळ्याच्या बोगद्यांत पोरं ओरडतात; विनू ओरडला नाही तर तो चौदा वर्षांचा मुलगाच नव्हे.

आणि मग रिव्हर्सिंग स्टेशन. २०२० मध्ये पाडलेल्या जुन्या अमृतांजन पुलाच्या परिसरात, कड्यावर. डोंगराने वळायला जागाच दिली नाही, म्हणून अभियंत्यांनी रूळ इंग्रजी व्ही अक्षरासारखे टाकले. गाडी एका पायाने टोकाशी यायची, थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जाऊन लागायचं आणि गाडी दुसऱ्या पायाने उलटी निघायची. १९२९ पर्यंत हे चाललं. तांत्रिक पुस्तकांत याचं कौतुक आहे आणि नकाशेही आहेत. मला हवं होतं ते फार साधं. गाडी उलटी निघाली म्हणजे डब्यांचा क्रम उलटा झाला. लोणावळ्यापर्यंत शेवटी असलेला, म्हणूनच जरा हवेशीर असलेला यमुनेचा डबा आता इंजिनाला लागून. दरीकडे पाठ करून बसलेल्याच्या पाठीमागे डोंगर. जो पुढे बघत होता तो मागे बघतोय. समोरच्या बाकावरची एक म्हातारी घाबरून विचारते, “अगं बाई, परत पुण्याला निघाली की काय?” सबंध डबा हसतो आणि सकाळपासून एकमेकांकडे न बघणारी माणसं तिथून पुढे बोलायला लागतात. माझं प्रकरण जिथे अडलं होतं तिथून ते या एका रूळबदलाने सुटलं.

डबा इंजिनाजवळ आला म्हणजे कोळशाची कणी डोळ्यात जाणार. खिडकीला मी काच दिलेली नाही, लाकडी झडप दिलीय. माझी आजी पुणे-मिरज मीटरगेजवर कोळशाच्या गाडीने माहेरी जायची. कणी गेली की डोळा चोळायचा नाही, हे तिने आम्हाला आगगाडी न बघताही शिकवलं होतं. पदराच्या टोकाचा बोळा करायचा, तोंडाशी धरून त्यावर गरम फुंकर घालायची आणि लगेच पापणीवर टेकवायचा. चार-पाचदा केलं की पाणी येतं आणि कणी कोपऱ्यात सरकते. यमुना विनूचा डोळा असाच शेकते. आलवणाचा पदर जाडाभरडा, तो बोळा टोचतो, एवढी भर माझी.

आता डब्यातला आणखी एक माणूस. ‘रेल्वेने जातिभेद मोडला’ हे वाक्य आपण इतक्या निष्काळजीपणे वापरतो. तिकीट सगळ्यांना एकाच खिडकीत आणि एकाच दराने मिळत होतं, हे खरं. शेजारी कोण बसेल हे यमुनेच्या हातात नव्हतं, हेही खरं. पण तिचा मार्ग ठरलेला आहे: सोवळ्याचं गाठोडं मांडीवर, अंग चोरून कोपरा, गिरगावात पोचल्यावर डोक्यावरून अंघोळ. तिच्यापुरता भेद शाबूत. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला राघू बसलाय, विशीतला, मावळातल्या महारवाड्यातला, परळला कामाला निघालेला. गावात सावली सांभाळून चालणारा हा मुलगा इथे मैलाला तीन पै टाकून बसलाय आणि त्याला कुणी ऊठ म्हणू शकत नाही. म्हणायचा प्रयत्न एक जण करतो. राघू तिकीट दाखवतो आणि बसून राहतो. त्याच्यासाठी या प्रवासाला काय म्हणायचं, ते यमुनेच्या नजरेतून मला लिहिता येईना, म्हणून घाटाची पाच पानं राघूला दिली.

कारण कंटाळलेल्या त्या डब्यात खिडकीबाहेर तोच एकटा बघतोय. हा घाट त्याच्या आईबापांनी फोडलाय. १८६१ च्या सुरुवातीला इथे ४२,००० माणसं कामावर होती. कड्यावरून दोराला लोंबकळत पहारीने भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, बत्ती देऊन वर ओढून घ्यायचं. बायका-पोरं खडी वाहायची. मजुरीच्या घोळावरून १८५९ मध्ये मजूर उठले आणि दंगा झाला. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला, काही आठवड्यांतच वारला आणि कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने पुढे चालवलं. तिच्यावर लिहायला पुष्कळ हात शिवशिवतील आणि लिहावंही. तिच्या नवऱ्याचं नाव राहिलं. पटकीने आणि सुरुंगाने गेलेल्या मजुरांची नावं नाहीत. एकूण मृत्यूंचा इतिहासकारांचा अंदाज २५,००० च्या घरात जातो. मी तो आकडा कादंबरीत कुठेही घातलेला नाही. राघूला आकडा माहीत नाही. त्याला एवढं ठाऊक आहे की अमुक बोगद्याच्या तोंडाशी आई भाकरी घेऊन यायची आणि एका दिवसानंतर बापाची भाकरी न्यायची राहिली नाही. बोगद्यांत विनू ओरडतो तेव्हा राघू गप्प असतो. दोघांना एका अंधारात ठेवून मी पुढचं वाक्य लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला त्यांच्यामध्ये बसू दे.

घाट उतरल्यावर कर्जत, कल्याण, ठाणे मी दीड पानात उरकले. कर्जतला वडा नाही, लोणावळ्याला चिक्की नव्हती, हे लिहिताना वाईट वाटतं खरं. मुंबईत तर खोडण्याचंच काम. व्हिक्टोरिया टर्मिनसचं बांधकाम सुरू व्हायला १८७८ उजाडायचं आहे, म्हणजे यमुना बोरीबंदरच्या जुन्या साध्या स्टेशनात उतरते. राजाबाई टॉवर अजून पुरा झालेला नाही. ‘केसरी’ निघायला अजून सात वर्षं आहेत, त्यामुळे विनूच्या हातात ‘ज्ञानप्रकाश’. रस्त्यावर गॅसचे दिवे चालतात, ते १८६५ पासून आहेत. क्रॉफर्ड मार्केट आहे. ट्राम नाही.

ट्राम नाही याचं मला इतकं वाईट वाटलं की तिचा परतीचा प्रवास लांबवला. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, त्यातला एक मार्ग बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला जाणारा. भाचीचं बाळंतपण, मग बारसं, मग तिचं आजारपण असं करत करत मी यमुनेला जुलैपर्यंत गिरगावात अडकवून ठेवलंय. विनू काळबादेवीहून ट्रामने बोरीबंदरला जायचा हट्ट धरणार आहे आणि ती जास्तीचे पैसे कशाला म्हणून नाही म्हणणार आहे. त्यानंतर घाट, या वेळी चढणीचा आणि धो धो पावसातला. याच घाटातला एक मोठा पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला होता, ही गोष्ट डब्यात कुणी तरी काढणारच, लोकांना असल्या वेळी असलीच गोष्ट आठवते. चढताना मात्र इंजिन खरोखर धापा टाकेल, सगळ्या बोगद्यांतून धूर डब्यात भरेल आणि पावसामुळे झडपा उघडताही येणार नाहीत. झडपा कुठल्या बाजूला सरकायच्या, वर की आडव्या, हे मला अजून ठरवायचंय. राघूही त्या गाडीत असावा असं फार वाटतं. पण परळच्या कामावरून जुलैत रजा घेऊन तो गावी का येईल, याचं सबळ कारण मिळेपर्यंत त्याची जागा रिकामी ठेवलीय.